तुमच्या शब्दांत लिहा

सोमवार, ३ फेब्रुवारी

मेट्रोत बसायला जागा नाही. मुजीबच्या डिसर्टेशनचं दुसरं प्रकरण उभ्यानेच वाचायला काढलं. विषय: दिल्लीतली मराठी सरकारी कुटुंबं आणि त्यांच्या मुलांची भाषा. विषय मीच सुचवलेला. पहिली दोन पानं त्याच्या नेहमीच्या इंग्रजीत, म्हणजे क्रियापद कुठे ठेवलंय ते शोधत बसायचं. तिसऱ्या पानापासून एकदम सुरळीत. इतकं, की मी मान हलवत वाचत गेले. किती नेमकं म्हटलंय पोराने, वगैरे. लाजपत नगर गेल्यावर लक्षात आलं की हे मीच म्हटलंय.

माझा लेख. इथे नोकरीला लागले त्या सुमाराचा. 'मुलं मराठी सोडतात, कारण घराबाहेर तिचा काही उपयोग उरत नाही,' हा त्यातला मुद्दा. परिषदेचं पुस्तक होतं ते, ज्याच्या प्रती आमच्या माळ्यावर पडून आहेत आणि जे कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. त्यातली पानंच्या पानं उचललीत. स्वल्पविरामासकट. ना तळटीप, ना नाव. कव्हरवर मात्र 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव झळकतंय.

चोरी करून माल मालकाच्याच दुकानात विकायला आणला. अक्कल की निर्लज्जपणा, ठरत नाहीये. स्टेशन चुकलं, पुढून उलट्या गाडीने परत आले.

मंगळवार, ४ फेब्रु.

आला. हसतमुख. "आवडलं का मॅडम?"

हे कुणाचं आहे, विचारलं.

"तुमचंच आहे मॅडम." लपवाछपवी नाही काही नाही. लायब्ररीत सगळ्यात खालच्या रॅकवर पुस्तक होतं म्हणे, धूळ झटकून झेरॉक्स काढली. मी खूश होईन अशी साहेबांची खात्री.

मग नाव का नाही दिलं?

"तुम्हालाच तर द्यायचं होतं. तुमचं नाव तुम्हालाच काय सांगायचं?"

त्याच्या कॉलेजात (लातूरकडे, औसा तालुका) पेपर तपासणाऱ्या सरांच्या नोट्समधलं जसंच्या तसं उतरवायचं, तो आदर. एखादा शब्द बदलला की सर म्हणणार, "तू माझ्यापेक्षा शहाणा का?" वर सॉफ्टवेअरचा रिपोर्टही काढून आणलेला. सहा टक्के साम्य. माझा लेख नेटवर कुठेच नाही, सॉफ्टवेअरला तो दिसणार कसा? जगात ही चोरी पकडू शकणारी बाई एकच, आणि हा तिच्याच टेबलावर ठेवून गेला.

मी ओरडले. बऱ्यापैकी. कॉरिडॉरमधून दोघंतिघं डोकावून गेले. तो जाईपर्यंत उभाच होता, बस म्हणायचं मला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी म्हटलं नसतं.

शुक्र., ७ फेब्रु.

लेखी तक्रार दिली. हेडसाहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मॅडम, सिक्स परसेंट है. क्लीन है. आप क्यों टेन्शन ले रही हैं?"

म्हटलं, सर, रिपोर्ट को क्या पता, लेख मेरा है.

"तो फिर तो घर की ही बात हुई ना! आपके महाराष्ट्र का बच्चा है, घर बुलाके डाँट दीजिए, खाना खिला दीजिए."

डोकं फिरलं. इथे चोरी टक्क्यांत मोजतात. ठरलेल्या टक्क्यांच्या आत असली की ती चोरीच नव्हे, तापासारखं. थर्मामीटरवर दिसत नाही म्हणजे नाही. आणि 'आपके महाराष्ट्र का'! इथे इतकी वर्षं काढली, आजवर कुणाला मराठी म्हणून सवलत दिली नाही, घेतली नाही. म्हटलं, तक्रार मागे घेणार नाही, समिती बसवा. चष्मा खाली आला. आता पुढचे सहा महिने मला सगळी सकाळी आठची लेक्चरं लागणार.

रविवार, ९ फेब्रु.

पोह्यांवर घरात चर्चा. मागितली नव्हती.

श्री. म्हणतो, "सोड ना यार. आमच्या मिनिस्ट्रीत काय वेगळं असतं? मागच्या वर्षीची नोट काढायची, तारीख बदलायची, साहेबांना द्यायची. आम्ही त्याला प्रिसिडेंट म्हणतो." आणि स्वतःच हसला. नवरा सेक्शन ऑफिसर असला की घरात नीतिमत्ता एवढीच.

इरा फोनमधून मान वर न काढता, "मम्मा, कॉलेज में सब एआय से करते हैं. तुझा वाला तो क्यूट है यार, त्याने तुझी लेख वाचली तरी."

म्हटलं, वाचला. तुझा लेख वाचला. लेख पुल्लिंगी.

"ओके. चलो, बाय." बशी उचलून आत. एकोणीस वर्षांची मुलगी, आईशी सलग दोन वाक्यं बोलायची झाली तर कंटाळते. पोहेही अर्धे टाकले.

शुक्र., १४ फेब्रु.

समिती झाली. तमाशा.

तिघं सदस्य, चहा, काजू बिस्किटं. मुजीब हात पुढे बांधून उभा. अध्यक्षांनी विचारलं, प्लेजरिझम म्हणजे काय, समजतं का तुला? तर याने विद्यापीठाच्या मॅन्युअलमधली व्याख्या म्हणून दाखवली. शब्दशः. उपकलम अ, उपकलम ब. समिती प्रसन्न, "देखिए, बच्चे को सब पता है!" मी एकटी हसले, फार मोठ्याने. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आरोपी मीच.

निकाल: प्रकरण नव्याने लिहायचं, स्वतःच्या शब्दांत. २१ एप्रिलपर्यंत जमा. काम विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे असं गाइडने, म्हणजे मी, सही करून द्यायचं. पुन्हा काही सापडलं तर नोंदणी रद्द. मी वर्षभराची शिक्षा मागितली होती. मिळाली मलाच.

बाहेर पडताना म्हणाला, "मॅडम, वर्ष गेलं तर अब्बा परत बोलावतील. दुकानावर बसवतील." मी म्हटलं, हे आधी सुचायला हवं होतं. असं म्हणायला नको होतं बहुतेक. पण म्हटलं.

मंगळ., १८ फेब्रु.

शिकवणी सुरू. आठवड्यातून दोनदा. आलिया भोगासी.

पुस्तक मिट आणि काय वाचलंस ते मराठीत सांग, म्हटलं. मिटलं आणि घडाघडा इंग्रजीतच म्हणून दाखवलं. पाठांतर भयंकर. पुस्तक मिटून उपयोग नाही, याच्या डोक्यात ते उघडंच असतं. मग म्हटलं, लिहून आण. आणलं. माझ्याच वाक्यांतला दर तिसरा शब्द बदललेला, वर, "आता सेम नाही राहिलं मॅडम." अरे, दुसऱ्याच्या स्कूटरला नवा रंग दिला म्हणून ती तुझी होते का? मुद्दा त्याचा, क्रम त्याचा, उदाहरणं त्याची. नाव नको द्यायला?

मान डोलावतो. समजलं का विचारलं की "हो मॅडम." 'हो मॅडम'चा अर्थ एवढाच की मॅडम काहीतरी म्हणाल्या.

म्हटलं, शाळेत प्रश्नपत्रिकेत असायचं ना, 'तुमच्या शब्दांत लिहा'?

"असायचं ना. गाईडमध्ये त्याचं पण उत्तर छापलेलं असायचं."

विनोद नव्हता तो. माहिती देत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले, हसू नये म्हणून.

मंगळ., ४ मार्च

पहिलं पान, खरोखर त्याचं स्वतःचं. हाताने लिहिलेलं. तपासून दिलं. लाल पेनाची रिफिल तिथेच संपली असं म्हणायला हरकत नाही. काळ नाही, वचन नाही, 'द' कुठे हवा कुठे नको याचा पत्ता नाही.

पानाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं लिहून आणलं होतं तेव्हा एक पण लाल खूण नव्हती."

उद्धटपणाने म्हणाला असता तर बरं, दोन शब्द सुनावता आले असते. साधं म्हणाला. मीही साधंच सांगितलं, चुका होणारच, चुकीला शिक्षा नाही, चोरीला आहे. छान वाक्य होतं. त्याने ते वहीत लिहून घेतलं! राग आला इतका.

माझा लेख बाजूला ठेव म्हटलं, लोकांत जा. सरोजिनी नगरला, सरकारी क्वार्टरं उरलीत तिथे, आणि जी कुटुंबं तिथून हलली ती जिथे गेली तिथे. बायकांशी बोल, मुलांशी बोल. तुझ्या कानांनी ऐकलेलं कुणी आधी लिहून ठेवलेलं नसतं.

शनि., २२ मार्च

पोरगं फिरतंय हे मान्य करायला हवं. मुनिरकातल्या खोलीवरून सकाळी निघतो, ऑटो परवडत नाही म्हणून चालतो. काकवा याला जेवू घालतात. थालीपीठ काय, साबुदाण्याची खिचडी काय. "एक आजी तर म्हणाल्या, पठाणाच्या पोरा, तुझी मराठी माझ्या नातवापेक्षा चांगली." मुजीबच्या घरी दखनी, मराठी शाळेतली. तरी.

लेखासाठी मी त्याच गल्ल्यांत फिरले होते. मला बहुतेकांनी दारातच पाणी दिलं. हेवा वाटतोय का? वाटतोय.

जाताना घुटमळला. "मॅडम, इराशी बोललो तर चालेल? दिल्लीतल्या सरकारी घरातली, माझ्या अभ्यासाच्या गटात बसते." म्हटलं, ती सज्ञान आहे, तिलाच विचार. तुझ्याशी बोलली तर मलाही कळव काय म्हणाली ते. गमतीने म्हटलं.

रविवार, ३० मार्च. पाडवा

बाल्कनीत गुढी. समोरच्या फ्लॅटवाल्यांनी दरवर्षीप्रमाणे, "भाभीजी, ये लोटा उल्टा क्यों?" दरवर्षीप्रमाणे सांगितलं, पुढच्या वर्षी पुन्हा विचारतील.

मुजीबला जेवायला बोलावलं होतं. (हेडसाहेबांचं ऐकलं असं नाही. पाडवा होता म्हणून.) जेवणाआधी तो आणि इरा बाल्कनीत, तासभर. स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या आवाजात नीट ऐकू येईना, पण इरा मराठीत बोलत होती. मोडकंतोडकं, अर्धं हिंदी, तरी मराठीत. हात हलवून, हसून, मध्येच अडून, पुन्हा सुरू. माझ्याशी असं शेवटचं कधी बोलली ते आठवेना.

श्रीखंडाच्या वाट्या घेऊन गेले. दोघं गप्प.

"थँक यू मम्मा, रख दो."

वाट्या ठेवल्या आणि आत आले. पुऱ्या तळायच्या होत्या.

मंगळ., ८ एप्रिल

प्रकरण आणलं. टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, आधी सांगतो. हे तुमच्या लेखाच्या विरुद्ध आहे."

बस म्हटलं. या वेळी म्हटलं.

त्याचं म्हणणं असं. घराबाहेर सगळ्यांचीच हिंदी. शाळा तीच, बाजार तोच, मेट्रो तीच. मग काही घरांतली मुलं मराठी बोलतात, काही घरांतली नाही, असं का? उपयोग नाही हे कारण असतं तर सगळ्यांनीच सोडली असती. तो घरोघर बसून आला, जेवून आला. जिथे मुलं काहीही चुकीचं बोलली तरी पुढचं विचारतात, तिथे मुलं बोलतात. जिथे कुणीतरी चूक काढायला बसलेलं असतं, तिथली गप्प होतात. चांगलं मराठी येणाऱ्या घरांत जास्त. शिकलेल्या घरांत जास्त.

कुणी सांगितलं हे तुला?

"बऱ्याच जणांनी, मॅडम." मग टेबलाकडे बघत, "इराने पण. नाव नाही घातलं तिचं. घालू नको म्हणाली."

माझ्या लेखाचे संदर्भ सगळे बरोबर. नाव, वर्ष, पान. अवतरणचिन्हं जागच्या जागी. दोन महिने जे घोटून घेतलं ते पोरगं पहिल्यांदा वापरतंय, तर मलाच खोडायला. ठेवून जा म्हटलं.

गुरु., १० एप्रिल

दोन दिवस एकच उद्योग. हे त्याने कुठून उचललंय ते शोधणं. सॉफ्टवेअरला घातलं. वाक्यं वेगवेगळी करून नेटवर टाकून पाहिली. लायब्ररीत जाऊन गेल्या काही वर्षांचे नियतकालिकांचे अंक चाळले. कुठेतरी सापडेलच. एवढं त्याला एकट्याला सुचलं असेल?

काही नाही. कुठेच नाही. त्याचंच आहे.

चोरलेलं निघालं असतं तर बरं झालं असतं. हे मी लिहिलं खरं. खोडत नाही.

संध्याकाळी इराला विचारलं. आवाज चढला, कबूल. काय सांगितलंस त्याला? मी तुला बोलू देत नाही? मी? तुला मराठी यावी म्हणून लहानपणापासून जिवाचा आटापिटा केला तो मी!

ती शांत होती, ते जास्त लागलं. म्हणाली: मी काही सांगायला लागले की तू आधी वाक्य दुरुस्त करतेस. मग मी काय सांगत होते ते राहूनच जातं. मग नंतर नंतर मी सांगायचंच सोडलं.

हिंदीत म्हणाली ती हे. इथे मी मराठीत केलंय. नीट करून.

मंगळ., १५ एप्रिल

ठीक आहे. रागावून मुद्दा खोटा ठरत नाही. कुटुंबं थोडी आहेत, घाई केलीय, एकदोन ठिकाणी उडी मारलीय. पण मुद्दा खरा आहे. मी गल्ल्यांत फिरले तेव्हा मला हा दिसला नाही. कारण मी प्रत्येक घरात मराठी किती शुद्ध आहे तेच ऐकत होते.

आता धोका वेगळाच. बाहेरून येणारे परीक्षक इंग्रजीवरून पोरांना आपटतात, ख्याती आहे त्यांची. हे असं दिलं तर पहिल्या पानावरच मिटतील. मुद्द्यापर्यंत पोचणारच नाहीत. म्हणून गेल्या तीन संध्याकाळी बसून त्याचं इंग्रजी नीट केलं. ओळ न् ओळ. श्री. म्हणाला, "वा, माझ्या शर्टची बटणं पण अशीच लावून दे." दुर्लक्ष केलं. जो मला खोडतोय त्याचंच घासूनपुसून देतेय, आणखी काय करायचं माणसाने? जरा बरंही वाटलं, खोटं का बोला.

पाठवलं. थोड्याच वेळात उत्तर: "थँक्यू मॅडम. सगळे चेंजेस ॲक्सेप्ट केले."

वाचले तरी होते का, देव जाणे.

शनि., १९ एप्रिल

छापील प्रत हातात. वाचली.

माझं आहे.

मुद्दा त्याचा, घरं त्याची, माणसं त्याची. वाक्यं सगळी माझी. माझी लांब वाक्यं, माझे अर्धविराम, 'हाउएव्हर'ने सुरू होणारे माझे परिच्छेद. मला चूक ठरवणारा परिच्छेदसुद्धा माझ्याच आवाजात. त्याने लिहिलं होतं (इंग्रजी भीषण, पण लिहिलं होतं): अशा घरात मूल पाहुण्यासारखं बसतं, आधी मनात वाक्य तपासतं, मग म्हणतं 'कुछ नहीं'. मी त्याचं केलंय, मराठीत सांगायचं तर: सुधारणाप्रधान कौटुंबिक वातावरणाचा भाषिक अभिव्यक्तीवरील प्रतिकूल परिणाम. 'कुछ नहीं' मी काढून टाकलं. का काढलं असेल? डिसर्टेशनमध्ये शोभत नाही म्हणून.

फेब्रुवारीत त्याने माझं उचललं तेव्हा मी सगळी बिल्डिंग डोक्यावर घेतली. आता मी स्वतःच नेऊन ठेवलंय, त्याच्या प्रकरणात, त्याच्या नावाखाली. आणि सॉफ्टवेअर म्हणतं साम्य जवळजवळ शून्य.

रविवार, २० एप्रिल

उद्या शेवटचा दिवस. टेबलावर दोन प्रती. त्याची मूळची, मेलमधून काढून छापली. आणि माझी झालेली. तिसरा कागद प्रमाणपत्राचा, 'सदर लेखन विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे', खाली रेघ. त्याचीच प्रत दिली तर सही खरी, आणि परीक्षक त्याला फेल करणार. माझी दिली तर तो पास, आणि सही खोटी. अधलंमधलं काहीतरी करावं तर मी पेन हातात घेतलं की काय होतं ते पाहिलंच आहे.

श्री. जाता जाता, "सही कर ना यार, कोण बघतंय?" कुणी नाही बघत, हीच तर अडचण आहे. रिपोर्ट स्वच्छ, समिती खूश, हेडसाहेबांना फाइल बंद करायचीय.

इरा येऊन त्याची प्रत चाळत बसली. एका ठिकाणी हसली. "हे एकदम सही लिहिलंय." कुठलं ते मी विचारलं नाही. तिने माझी प्रत उघडली नाही.

दुपारी मुजीबला फोन केला. सगळं सांगितलं, सरळ. दोन प्रती आहेत, एकीत धोका आहे, दुसरीत तू नाहीस. दोन्हींचं काय होईल तेही सांगितलं. कुठली जमा करायची?

"तुम्ही म्हणाल ती, मॅडम."

मी नाही म्हणणार. वर्ष तुझं आहे, लिखाण तुझं आहे. तुला काय वाटतं ते सांग.

मागे मुनिरकाच्या गल्लीतले हॉर्न, कुणीतरी भाजीवाल्याशी भांडतंय. मला वाटलं, विचार करतोय. करू दे.

मग अगदी हळू म्हणाला, "मॅडम, ह्याचं उत्तर काय यायला पाहिजे?"

माझ्याकडे होतं उत्तर. तयार, पूर्ण वाक्यात. दिलं नाही. फोन तसाच कानाला धरून बसले. मग इराने चहाला हाक मारली, मी त्याला म्हटलं, उद्या दहाला ये, दोन्ही प्रती इथेच आहेत.

सही अजून केलेली नाही.